चार विजय, पाच पराभव आणि एक राजीनामा

"आधी स्वतःला सिद्ध करा, मग बोला." हा सल्ला आपल्याला नवा नाही. वर्गात, कार्यालयात, मैदानावर, साहित्य संमेलनाच्या मंडपात, जिथे जिथे आपला माणूस उभा राहतो तिथे तो त्याला ऐकवला जातो. आधी पहिला नंबर काढा, आधी पदक आणा, मग अन्यायाची भाषा करा. या सल्ल्याच्या पोटात एक गृहीतक दडलेले असते. गुणवत्ता दिसली की व्यवस्था आपोआप सन्मान देते, आणि ज्याला सन्मान मिळाला नाही तो कुठेतरी कमीच पडला असणार, असे ते गृहीतक.

हे गृहीतक तपासण्यासाठी आज एक लांबचे उदाहरण घेत आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०१५ सालचा हंगाम. हा संघ त्या वर्षी चांगला खेळत नव्हता. सलग हरत होता. तरीही याच संघातील कृष्णवर्णीय खेळाडूंनी नोव्हेंबर महिन्यात विद्यापीठाच्या अध्यक्षाला दोन दिवसांच्या आत खुर्ची सोडायला लावली. हे कसे घडले, आणि त्याआधी ४६ वर्षांपूर्वी एका अजिंक्य संघातील १४ कृष्णवर्णीय खेळाडूंना हे का जमले नव्हते, याचे उत्तर शोधले तर गुणवत्तेच्या त्या सल्ल्याचे पितळ उघडे पडते.

हा खेळ कोणाच्या जिवावर चालतो?

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण शाळेत खेळतो तो फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड कवच, एका वेळी मैदानात अकरा विरुद्ध अकरा खेळाडू आणि चेंडू बहुतेक वेळ हातात. आपल्याकडे विद्यापीठाच्या संघाचा सामना बघायला संघातल्या मुलांचे मित्र येतात. तिकडे एका सामन्याला साठ-सत्तर हजार लोक तिकीट काढून येतात, टीव्हीवर थेट प्रक्षेपण होते, आणि जाहिराती, टोप्या, सदरे, देणग्या असा सगळा बाजार त्याभोवती उभा राहतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर, दर आठवड्याला साधारण एक याप्रमाणे बारा सामने, असा हा हंगाम असतो.

यात पैसा कोणाला मिळतो ते बघा. २०१५ साली मिसुरीचे प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांचे वार्षिक मानधन ४० लाख डॉलरच्या आसपास होते. ज्यांच्या हाताखाली चार शाखांचे संपूर्ण विद्यापीठ होते त्या अध्यक्ष टिम वुल्फ यांचे वेतन साडेचार लाखांच्या आसपास. आणि जे प्रत्यक्ष मैदानात हाडे मोडून घेत होते त्या खेळाडूंना वेतन शून्य. त्यांना मिळे ती शिष्यवृत्ती: फी, राहणे, जेवण, पुस्तके. ते 'विद्यार्थी-खेळाडू' आहेत, कामगार नाहीत, अशी अधिकृत भूमिका होती. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी आम्हाला कामगार माना, संघटना करू द्या, अशी मागणी केली होती. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळाने या प्रकरणात पडण्यासच नकार दिला. मिसुरीची घटना त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी घडली, हे लक्षात ठेवा.

आता माणसे मोजा. मिसुरी विद्यापीठाच्या मुख्य शाखेत कृष्णवर्णीय विद्यार्थी साधारण ८ टक्के. कृष्णवर्णीय प्राध्यापक ३ टक्क्यांच्या आसपास. आणि फुटबॉल संघात? निम्म्याहून अधिक. मैदानावर बहुसंख्य, वर्गात अल्पसंख्य, शिक्षकाच्या खुर्चीत नाममात्र. ज्या व्यवस्थेला आपले हात, पाय, खांदे हवे असतात पण आपले डोके नको असते, ती व्यवस्था आकड्यांत अशीच दिसते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, ते हे साम्य ओळखूनच.

दरवाजा कधी उघडला?

हे विद्यापीठ मिसुरी राज्यातील कोलंबिया नावाच्या गावात आहे. बाबासाहेब जिथे शिकले ते न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ वेगळे. दोघांत हजारेक मैलांचे अंतर आहे. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचले आणि तिथल्या वर्गात सर्वांसोबत बसले. पण त्याच देशातील मिसुरीत कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला विद्यापीठाचे दार १९५० पर्यंत बंद होते.

लॉइड गेन्स नावाच्या तरुणाने १९३० च्या दशकात तिथल्या विधी महाविद्यालयात प्रवेश मागितला. केवळ वर्णामुळे त्याला नाकारण्यात आले. राज्याने तोडगा सुचवला तो असा की, तू दुसऱ्या राज्यात जाऊन शीक, फी आम्ही भरतो. म्हणजे पैसे देऊ, पण शेजारी बसू देणार नाही. डिसेंबर १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गेन्सच्या बाजूने निकाल दिला. त्यावर राज्याने काय केले? गेन्सला आत घेण्याऐवजी कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय काढण्याची तयारी केली. मार्च १९३९ मध्ये गेन्स शिकागोत बेपत्ता झाला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही. विद्यापीठाने त्याला २००६ साली मरणोत्तर म्हणावी अशी मानद पदवी दिली.

२०१५ मध्ये आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या गटाचे नाव 'कन्सर्न्ड स्टुडंट १९५०' ठेवले ते या इतिहासामुळे. दार उघडल्याचे साल त्यांनी नावातच घातले. आम्हाला आत घेतले त्याला फार दिवस झालेले नाहीत, आणि आत घेणे म्हणजे आपले मानणे नव्हे, हे एवढ्या एका आकड्यात त्यांनी सांगितले.

हंगाम आणि आंदोलन

आता तो हंगाम बघू. २०१३ आणि २०१४ या दोन्ही वर्षी मिसुरीने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला होता. त्यामुळे अपेक्षा मोठ्या होत्या. २०१५ ची सुरुवातही बरी झाली. पहिल्या पाचपैकी चार सामने जिंकले. पण मुख्य क्वार्टरबॅक निलंबित झाला, त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा मुलगा आला आणि संघाचे गाडे रुतले.

१० ऑक्टोबरला होमकमिंग होते. माजी विद्यार्थी विद्यापीठात परत येतात तो हा उत्सव, सकाळी मिरवणूक आणि मग सामना. त्याआधीचे काही आठवडे कॅम्पसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडउघड वर्णद्वेषी शिव्या दिल्या जात होत्या, आणि प्रशासन थंड होते. मिरवणुकीत आंदोलकांनी अध्यक्ष वुल्फ यांची गाडी अडवली आणि विद्यापीठातील वर्णभेदाचा इतिहास वर्षांसह मोठ्याने सांगितला. वुल्फ गाडीतून उतरले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत. त्याच दिवशी संघ फ्लोरिडाकडून ३–२१ असा हरला.

पुढच्या आठवड्यात जॉर्जियाकडून ६–९. त्याच्या पुढच्या शनिवारी, २४ ऑक्टोबरला, वँडरबिल्टकडून ३–१०. तीन सामन्यांत एकही टचडाउन नाही. त्याच २४ तारखेला एका वसतिगृहाच्या स्वच्छतागृहात भिंतीवर विष्ठेने काढलेले स्वस्तिक, म्हणजे तिकडच्या संदर्भात नाझींचे चिन्ह, सापडले. आंदोलकांनी मागण्यांची यादी आधीच दिली होती. वुल्फ यांनी माफी मागावी, त्यांना पदावरून दूर करावे, २०१७–१८ पर्यंत कृष्णवर्णीय प्राध्यापक-कर्मचाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवर न्यावे, वगैरे. दाद लागली नाही.

२ नोव्हेंबरला जोनाथन बटलर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आमरण उपोषण सुरू केले. हिरवळीवर तंबू उभे राहिले. ५ नोव्हेंबरला संघ घरच्या मैदानावर मिसिसिपी स्टेटकडून १३–३१ असा हरला. सलग चौथा पराभव. एकूण हिशेब: चार विजय, पाच पराभव. ६ तारखेला वुल्फ यांनी मिरवणुकीतल्या वागण्याबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त केली. पण त्याच रात्री कॅन्सस सिटीत काही आंदोलकांनी त्यांना विचारले, व्यवस्थात्मक दडपशाही म्हणजे काय असे तुम्हाला वाटते? यशाची समान संधी आपल्याला आहे यावर तुमचा विश्वास नसतो, त्यातून ती येते, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. म्हणजे दोष व्यवस्थेत नाही, तुमच्या समजुतीत आहे! हे वाक्य आपण किती मराठी तोंडांतून ऐकले आहे, ते आठवून बघा.

७ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी संघातील अँथनी शेरिल्स या खेळाडूने एक छायाचित्र प्रसृत केले. तीसहून अधिक कृष्णवर्णीय खेळाडू हातात हात गुंफून उभे, मध्ये बटलर. सोबतचे निवेदन छोटे होते. अध्यक्ष राजीनामा देत नाहीत किंवा त्यांना दूर केले जात नाही, तोवर आम्ही फुटबॉलशी संबंधित कोणत्याही कामात भाग घेणार नाही. रविवारी सराव झाला नाही. प्रशिक्षक पिंकेल यांनी कृष्णवर्णीय आणि गोऱ्या खेळाडूंसह संपूर्ण संघाचे छायाचित्र टाकून आपण खेळाडूंच्या पाठीशी असल्याचे जाहीर केले. सगळ्या गोऱ्या खेळाडूंना हे मान्य नव्हते, हेही नंतर बाहेर आले. पण फूट मैदानात आली नाही.

सोमवारी, ९ नोव्हेंबरला सकाळी वुल्फ यांनी राजीनामा दिला. त्याच दिवशी कोलंबिया शाखेचे प्रमुख, चॅन्सेलर लॉफ्टिन यांनीही पद सोडत असल्याचे जाहीर केले. बटलरने उपोषण सोडले.

कशाने काम झाले?

श्रेय एकट्या खेळाडूंचे नाही. विद्यार्थ्यांनी महिनाभर रस्त्यावर तापवलेला प्रश्न होता. प्राध्यापकांच्या एका गटाने काम बंदची हाक दिली होती. बटलरने स्वतःचा जीव पणाला लावला होता, आणि त्याच्यामुळेच खेळाडू तंबूपर्यंत आले. हे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. माणूस आठवडाभर उपाशी राहतो तेव्हा प्रशासन हलत नाही, आणि खेळाडू फक्त नाही म्हणतात तेव्हा दोन रात्रींत हलते. असे का?

कारण १४ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीच्या मोठ्या स्टेडियममध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी सामना ठरलेला होता. करारानुसार मिसुरीने तो खेळला नाही तर प्रतिस्पर्ध्याला १० लाख डॉलर भरावे लागणार होते. त्यावर तिकिटे, प्रक्षेपण आणि देणगीदारांची नाराजी वेगळी. उपोषण विद्यापीठाच्या विवेकाला हाक मारत होते. संपाने थेट विद्यापीठाच्या तिजोरीला हात घातला. विवेक झोपेचे सोंग घेऊ शकतो, तिजोरी घेऊ शकत नाही.

इथे तो गुणवत्तेचा सल्ला आठवा. हा संघ विजेता नव्हता. स्पर्धेत तळाला होता. पुढे त्याने १४ तारखेचा सामना २०–१६ असा जिंकला, पण शेवटचे दोन्ही सामने हरून पाच विजय, सात पराभव अशी अखेर केली. म्हणजे खेळाडूंची ताकद त्यांच्या पराक्रमातून आलेली नव्हती. ती आली होती त्यांच्यावाचून सामना होऊच शकत नाही या साध्या वस्तुस्थितीतून, आणि ते सगळे एकत्र उभे राहिले यातून. हरणाऱ्या संघाशिवायही सामना होत नाही!

अजिंक्य संघातले चौदा

याची उलटी बाजू १९६९ साली वायोमिंग विद्यापीठात दिसली होती. तो संघ त्या ऑक्टोबरमध्ये अजिंक्य होता, देशातल्या पहिल्या वीसांत त्याची गणना होत होती. प्रतिस्पर्धी योगायोगाने तोच, ब्रिगहॅम यंग विद्यापीठ. हे विद्यापीठ मॉर्मन चर्चचे, आणि त्या काळी या चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता. पौरोहित्य कोणाला आणि बंदी कोणाला, हा प्रश्न आपल्याला समजावून सांगायची गरज नाही.

संघातील १४ कृष्णवर्णीय खेळाडूंना सामन्यात निषेध म्हणून दंडावर काळी फीत बांधायची होती. त्याबद्दल बोलायला १७ ऑक्टोबरला ते फिती बांधूनच प्रशिक्षक लॉइड ईटन यांच्याकडे गेले. त्यांनी संप केला नव्हता, खेळायला नकार दिला नव्हता. ते विचारायला गेले होते. ईटन यांनी चौदाही जणांना तिथल्या तिथे संघातून काढून टाकले. दुसऱ्या दिवशी वायोमिंग त्यांच्याविना सामना ४०–७ असा जिंकला. खेळाडू न्यायालयात गेले, तिथेही हरले. चर्चने आपला नियम १९७८ साली बदलला. विद्यापीठाने औपचारिक माफी मागितली २०१९ मध्ये, म्हणजे ५० वर्षांनी.

व्यवस्थेने त्या उद्दामपणाची किंमत मोजली. चौदा जण गेल्यावर हंगामातले शेवटचे चार सामने वायोमिंग हरले, आणि पुढच्या वर्षी दहापैकी एकच जिंकले. तरी त्यांना परत घ्यावे असे व्यवस्थेला वाटले नाही. वर्चस्व टिकवण्यासाठी ती स्वतःचे नुकसान करून घ्यायलाही तयार असते, हा या घटनेतला सगळ्यात कडू धडा आहे.

आता दोन्ही घटना शेजारी ठेवा. १९६९ चा संघ गुणवत्तेत सरस. २०१५ चा संघ सामान्य. गुणवत्ता हेच उत्तर असते तर जिंकायला हवे होते १९६९ च्या मुलांनी. पण त्यांचा पराभव झाला, कारण ते १४ होते आणि त्यांच्याविना संघ उभा करता येत होता. मिसुरीत कृष्णवर्णीय खेळाडू निम्म्याहून अधिक होते, त्यांना काढून सामना उभा करणे अशक्य होते. १९६९ ला प्रशिक्षक विरोधात गेला, २०१५ ला सोबत आला. १९६९ ची मुले परवानगी मागायला गेली, २०१५ च्या मुलांनी निर्णय घेऊन कळवला. आणि १९६९ च्या चौदांमागे कॅम्पसमध्ये आधीपासून तापलेले एवढे मोठे आंदोलन नव्हते.

संख्या, संघटन, मित्र आणि वेळ. या चार गोष्टींनी फरक पडला. 'टॅलेंट' हा शब्द या यादीत कुठेच येत नाही.

हे आपल्या इतिहासातही घडले आहे. पळवणकर बाळू त्यांच्या काळातले देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज होते. तेवढी गुणवत्ता असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली बाळूंना वगळले गेले आणि विठ्ठल यांनाही कर्णधारपदासाठी डावलले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीरपणे सांगितले. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भाऊ परत आले आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंच्या इतक्या वर्षांच्या बळींनी जे दार उघडले नाही, ते भावांच्या एका नकाराने किलकिले झाले.

बाबासाहेब काय म्हणतात?

आपल्यातलेच काही जण इथे शंका घेतील. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी असहकार आणि सत्याग्रहाचे मार्ग सोडून द्यायला सांगितले होते, मग संपाचे कौतुक कसे? शंका रास्त आहे. पण त्या भाषणातली अट विसरू नका: संविधानिक मार्ग खुले असतील तेव्हा. आणि त्याच बाबासाहेबांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक विवाद विधेयकाला विरोध करताना काय मांडले होते तेही वाचा. संप हा गुन्हा नव्हे, तो फार तर सेवेच्या कराराचा भंग आहे. आणि संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी त्यांची मांडणी होती. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला लावणे म्हणजे त्याला गुलाम करणे, हा त्यामागचा विचार. त्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या साथीने जो संप केला, त्याची तारीख होती ७ नोव्हेंबर १९३८.

मिसुरीच्या मुलांनी छायाचित्र टाकले ती तारीख ७ नोव्हेंबर २०१५. बाल भीमरावांनी साताऱ्याच्या शाळेत पाऊल ठेवले तीही ७ नोव्हेंबरच, साल १९००. महाराष्ट्रात आपण ती विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. हा योगायोग आहे, त्यातून चमत्कार काढायचा नाही. पण विचारातले साम्य योगायोगाचे नाही. ज्यांना कायदा कामगार म्हणायला तयार नव्हता, त्यांनी कामगाराचे हत्यार वापरून आपण कामगार असल्याचे दाखवून दिले. पुढे २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरची बंधने एकमताने बेकायदा ठरवली, आणि २०२५ च्या एका तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली.

'पण शेवटी मिळाले काय?'

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप बटलरवर घेतला गेला. त्याचे वडील एका मोठ्या रेल्वे कंपनीत वरिष्ठ अधिकारी. श्रीमंताच्या मुलाला कसली आली दडपशाही? हा आपल्याकडचा क्रीमी लेयरचा युक्तिवाद इंग्रजीत. शिवी देणारा आधी बापाचे उत्पन्न विचारत नाही, एवढे उत्तर पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. राजीनाम्यानंतर आंदोलकांच्या तंबूंजवळ पत्रकारांना हुसकावण्याचा प्रयत्न झाला. एका प्राध्यापिकेने विद्यार्थी-छायाचित्रकाराला बाहेर काढण्यासाठी दंडेलीची भाषा वापरली, आणि पुढे तिची नोकरी गेली. ही चूकच होती. ज्या सार्वजनिक जागेच्या हक्काने आपण बसतो, तोच हक्क दुसऱ्याला नाकारता येत नाही. या एका चित्रफितीने विरोधकांच्या हातात जे कोलीत दिले, ते आंदोलनाला महाग पडले.

तिसरा आक्षेप परिणामांचा. पुढच्या दोन वर्षांत पहिल्या वर्षाचे प्रवेश एक तृतीयांशाहून अधिक घटले, विद्यापीठाला वसतिगृहे बंद ठेवावी लागली. बघा, आंदोलनाने विद्यापीठ बुडवले, असे सांगितले गेले. पण जे पालक मुलांना पाठवायचे थांबले, त्यातले अनेक वर्णद्वेषाला घाबरून थांबले नव्हते, वर्णद्वेषाविरुद्ध बोलणाऱ्यांना घाबरून थांबले होते. त्याचा दोष बोलणाऱ्यांवर कसा? आणि कृष्णवर्णीय विद्यार्थीही घटले, कारण ज्या घराला आग लागल्याचे जगाने पाहिले तिथे लेकराला कोण पाठवेल?

व्यवस्था मात्र धडा लगेच शिकली. महिन्याभरात मिसुरीच्या एका आमदाराने विधेयक दाखल केले: जो खेळाडू आरोग्याचे कारण नसताना खेळायला नकार देईल त्याची शिष्यवृत्ती रद्द. टीका झाल्यावर ते मागे घेतले गेले, पण नेम कुठे होता ते कळले. कोणी वर्णद्वेष थांबवण्याचा कायदा आणला नाही, नकार थांबवण्याचा आणला. हंगामी अध्यक्ष म्हणून मायकेल मिडलटन हे कृष्णवर्णीय वकील आले, तेही या विद्यापीठातल्या जुन्या कृष्णवर्णीय विद्यार्थी चळवळीतलेच. विविधता आणि समावेशनासाठी स्वतंत्र विभाग झाला. पण १० टक्क्यांचे लक्ष्य त्या मुदतीत गाठले गेले नाही, आणि २०२४ मध्ये विद्यापीठाने तो विभागही मोडीत काढला. तोवर २०१५ चे खेळाडू केव्हाच पांगले होते.

इथेच या विजयाची मर्यादा कळते. विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो. संस्था वाट बघू शकते. दोन दिवसांत माणूस हटवता येतो, पण त्याच्या मागची रचना बदलायला मागे उभी राहणारी संघटना लागते. मिसुरीच्या खेळाडूंकडे एकी होती, संघटना नव्हती. म्हणून पहिली लढाई त्यांनी जिंकली आणि पुढची लढायला कोणी उरले नाही.

आपल्यासाठी प्रश्न

वस्तीतल्या मुलांबरोबर काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते. शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृहात जेवण वाईट मिळाले, की आपण काय करतो? निवेदन देतो. अधिकाऱ्याला निवेदन देतानाचा फोटो काढतो. स्थानिक वृत्तपत्रात दोन ओळी येतात. मग पुढचे निवेदन. फार झाले तर उपोषण. १९३२ च्या येरवड्याच्या उपोषणाची किंमत मोजलेल्या समाजाने तरी हे ओळखायला हवे होते की, उपोषणाचा दबाव उपोषण करणाऱ्याच्या प्रतिष्ठेवर अवलंबून असतो. ज्याच्या मरणाने सरकार हादरते त्याचे उपोषण चालते. आपल्या मुलांच्या मरणाने कोण हादरते, हे गेल्या दहा वर्षांत आपण पाहिले आहे.

म्हणून आंदोलन ठरवण्याआधी एक साधा प्रश्न कागदावर लिहावा. ही संस्था कशावर चालते, आणि त्यातले काय आपल्या हातात आहे? आपण थांबलो तर तिचे काय थांबेल? कधी उत्तर मिळेल श्रम, कधी मत, कधी फी, कधी नॅकच्या भेटीच्या दिवशीची हजेरी. कधी उत्तर मिळेल की अजून काहीच आपल्या हातात नाही; तेव्हा आधी संख्या आणि मित्र जमवावे लागतील, नाहीतर वायोमिंगच्या चौदांसारखे एका झटक्यात बाहेर फेकले जाऊ. आणि जे मिळेल ते टिकवायला आपण गेल्यावर कोण असेल, याचे उत्तर पहिल्या बैठकीतच द्यावे लागेल.

गुणवत्ता मिळवायचीच आहे. शिकायचे आहे, खेळायचे आहे, पुढे जायचे आहे, ते स्वतःसाठी आणि समाजासाठी. पण गुणवत्ता दाखवल्यावर न्याय मिळेल ही आशा मात्र सोडून द्या. मिसुरीचा तो संघ स्पर्धेत तळाला होता, आणि तरीही त्या वर्षी देशातल्या कोणत्याही विजेत्या संघाला जमले नाही ते त्याने केले. त्याच्या बाजूला गुणफलक नव्हता. एकमेकांच्या हातात गुंफलेले हात होते.